ब्राझीलचं जंगल, नॉर्वेचा पैसा आणि आपला सातपुडा

शहाद्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: ॲमेझॉन, काँगो, इंडोनेशियाची वर्षावनं वाचवायला श्रीमंत देश पैसे देतात, दरवर्षी परिषदा होतात, जाहीरनामे निघतात; यातून जंगल खरंच वाचतं का? आपल्या खान्देशाचा त्याच्याशी संबंध काय? आणि सातपुड्यातल्या गावांच्या हाती त्यातून काही लागेल का?

सर, मी नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या ग्रामसभांबरोबर जंगलाची मोजणी आणि व्यवस्थापनाचे आराखडे करत आले आहे. त्या निमित्ताने ब्राझील आणि इंडोनेशियात हेच काम करणाऱ्या लोकांबरोबर बसून त्यांचे हिशेबही पाहिले आहेत. थोडक्यात सांगायचं तर जंगल वाचतं, पण नुसता पैसा पोहोचला म्हणून वाचत नाही. ज्या देशाने आधी स्वतः ठरवलं, कायदा चालवून दाखवला आणि जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मानला, तिथे बाहेरच्या पैशाने त्या निर्णयाला बळ दिलं. जिथे तो निर्णयच झाला नव्हता, तिथे अब्जावधी डॉलरचे करार कपाटात पडून राहिले.

आधी संबंधाचं बोलू, कारण त्यात फार घोटाळे आहेत. ॲमेझॉन हे पृथ्वीचं फुफ्फुस आहे आणि जगाचा २० टक्के ऑक्सिजन तिथून येतो, असं वाक्य बऱ्याच भाषणांत असतं. ते मुलांना कृपया शिकवू नका. ते जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच तिथली झाडं, जीवजंतू आणि कुजणारा पाला वापरून टाकतात. त्या जंगलाचं खरं मोल साठलेल्या कार्बनमध्ये आहे. ॲमेझॉनच्या झाडांत आणि मातीत मिळून १०० अब्ज टनांहून जास्त कार्बन आहे, आणि सगळं जग मिळून कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतं. म्हणजे तेवढं जंगल गेलं तर जगाच्या दहा वर्षांच्या धुराएवढा कार्बन सुटा होईल. आजही माणसाच्या एकूण उत्सर्जनाचा साधारण दहावा हिस्सा जंगलतोडीतून येतो.

आणि पाऊस. १९७०च्या दशकात एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने पावसाच्या पाण्यातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) दाखवलं की ॲमेझॉन खोऱ्यातला जवळपास निम्मा पाऊस जंगलाने स्वतःच हवेत परत सोडलेल्या बाष्पाचा असतो. अटलांटिकवरून आलेला ढग एकदा बरसतो, झाडं ते पाणी पुन्हा वर सोडतात, वारा ते पश्चिमेला नेतो आणि तो पुन्हा बरसतो. या वाहत्या बाष्पाला तिकडे उडत्या नद्या म्हणतात, आणि दक्षिण ब्राझीलची शेती त्यांच्यावर अवलंबून आहे. म्हणूनच थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता की खोऱ्यातलं २० ते २५ टक्के जंगल तुटलं की हे चक्र मोडायला लागेल आणि उरलेलं जंगल आपोआप सुकत जाईल. आज १७ टक्क्यांच्या आसपास गेलेलं आहे.

ॲमेझॉनची उडती नदी सातपुड्यावर येऊन बरसत नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्यात तथ्य नाही. आपला संबंध समुद्र आणि हवेच्या वाटेने येतो. २०२३ आठवा. ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा गेला, पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. खान्देशात कापसाची पातेगळ झाली, कोरडवाहू सोयाबीन आणि मका माना टाकून उभे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मनौस शहराजवळ रिओ नेग्रो ही ॲमेझॉनची मोठी उपनदी १२० वर्षांहून जास्त काळाच्या नोंदींतल्या नीचांकाला गेली, आणि २०२४ मध्ये त्याही खाली. दोन्हीकडे प्रशांत महासागरातल्या एल निनोचा हात होता, आणि ॲमेझॉनच्या दुष्काळाचा अभ्यास झाला तेव्हा हवामानबदलाचा वाटा एल निनोपेक्षाही मोठा निघाला. रावेर-यावलचा केळीवाला मे महिन्यात ४५ अंशांत बागेला ताटवा बांधतो आणि तापमानाच्या निकषावर विमा मिळेल का ते बघतो. त्याच्या डोक्यावरच्या उन्हात तिकडे जळालेल्या जंगलाचाही वाटा आहे. पण हे नातं बेरजेचं आहे. अमुक एक झाड तिथे तुटलं म्हणून इथे पाऊस चुकला, असं ते दाखवता येत नाही.

आता पैशाचं. यात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं ब्राझीलकडे आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

२००४ साली ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये एका वर्षात सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल साफ झालं. आपले जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याहून थोडे लहानच भरतील, इतकं एका वर्षात. २०१२ मध्ये हा आकडा सुमारे ४,६०० चौरस किलोमीटरवर आला. आठ वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घट, आणि याच काळात तिथलं शेतीउत्पादन वाढत होतं. २००८ पर्यंत पर्यावरणमंत्री मारिना सिल्वा होत्या. त्या स्वतः ॲमेझॉनमधल्या रबर गोळा करणाऱ्या कुटुंबातल्या. २००४ मध्ये सरकारने जंगलतोड रोखण्याचा एकत्रित आराखडा आणला. त्यांच्या अवकाश संस्थेने उपग्रहावरून जवळपास रोजच्या रोज तोड दाखवणारी यंत्रणा सुरू केली आणि ती माहिती थेट पथकांच्या हातात दिली. मोठाले प्रदेश आदिवासी क्षेत्र आणि अभयारण्यं म्हणून घोषित झाले. २००६ मध्ये सोयाबीनच्या बड्या व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घेणार नाही असं ठरवलं.

माझ्या मते खरा खिळा मात्र २००८ मध्ये बसला. मध्यवर्ती बँकिंग यंत्रणेने नियम केला की ॲमेझॉनमध्ये जमिनीची नोंद आणि पर्यावरणाचे कागद नीट नसतील तर पीककर्ज नाही. त्याच सुमारास सर्वाधिक तोडीच्या ३६ नगरपालिका क्षेत्रांची यादी जाहीर झाली. त्या यादीत नाव आलं की संपूर्ण भागावर निर्बंध यायचे. म्हणजे ज्याने तोड केली त्याच्यासकट शेजाऱ्यालाही त्रास, आणि त्यामुळे शेजारीच त्याला आवरायला लागला. पारा राज्यातलं पारागोमिनास हे लाकूड आणि गुरांसाठी बदनाम झालेलं ठिकाण. तिथल्या शेतकरी संघटना, महापौर आणि संस्था एकत्र आल्या, जमिनींची नोंदणी केली, आणि २०१० मध्ये यादीतून बाहेर पडणारं ते पहिलं ठरलं. सोसायटीचं कर्ज अडलं की गावात काय होतं हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

यात नॉर्वेचा पैसा कुठे येतो? २००८ मध्ये ॲमेझॉन फंड स्थापन झाला आणि नॉर्वेने १ अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. नंतर जर्मनी आलं. लक्षात घ्या, तोपर्यंत तोड निम्म्याहून खाली आलेली होती. फंडाची रचना मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. पैसे आधी नाहीत, निकाल दिसल्यावर. हिशेब असा: एका हेक्टरला १०० टन कार्बन धरायचा, हा आकडा मुद्दाम कमीच धरलेला. १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणून हेक्टरी ३६७ टन. टनाला ५ डॉलर. मागच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा १ हेक्टर कमी तुटला तर १,८३५ डॉलर. फंड ब्राझीलची राष्ट्रीय विकास बँक सांभाळते. कोणत्या कामाला पैसे द्यायचे हे देणारा देश ठरवत नाही. सार्वभौमत्वाचा मुद्दा तिथे फार नाजूक आहे, आणि तो अशा रीतीने सोडवला म्हणूनच हे चाललं.

२०१९ मध्ये नवं सरकार आलं, जाइर बोल्सोनारो अध्यक्ष झाले. फंडाच्या समित्या बरखास्त केल्या आणि नॉर्वे-जर्मनीने पैसे थांबवले. तपासणी पथकं दुबळी केली गेली. २०२१ मध्ये तोड पुन्हा १३,००० चौरस किलोमीटरवर. बँकेत फंडाचे पैसे शिल्लक असताना हे झालं, हे नीट लक्षात ठेवायला हवं. लुला पुन्हा अध्यक्ष झाले, १ जानेवारी २०२३ रोजी पहिल्याच दिवशी फंड पुन्हा सुरू केला, मारिना सिल्वा परत आल्या, आणि जुलै २०२५ला संपलेल्या वर्षात आकडा ५,८०० चौरस किलोमीटरच्या आसपास उतरला. पैसा तोच, जंगल तेच. बदललं ते सरकारचं मन आणि पथकांचं बळ.

तरी आनंदाने टाळ्या वाजवाव्यात अशी स्थिती नाही. वर्षावन मुळात पेट घेत नाही. खाली इतका ओलावा असतो की वीज पडली तरी आग पसरत नाही. पण आता कडा तुटलेल्या आहेत, आतलं जंगल सुकतंय आणि कुरणासाठी लावलेली आग आत शिरते. २०२४ मध्ये जगभरात ६७ लाख हेक्टर मूळ उष्णकटिबंधीय जंगल नष्ट झालं, नोंदी सुरू झाल्यापासून सर्वाधिक, आणि पहिल्यांदाच शेतीपेक्षा आग हे मोठं कारण ठरलं. कुऱ्हाड थांबवायला पोलीस पाठवता येतो. तापलेल्या हवेला थांबवायला कोळसा आणि तेलच कमी करावं लागतं. जंगलाचे करार उत्सर्जन-कपातीची जागा घेऊ शकत नाहीत, आणि जे देश एकीकडे जंगलाला पैसे देत तेलाच्या नव्या विहिरी खणतात त्यांना हे विचारलंच पाहिजे. नॉर्वेलाही.

फसलेले प्रयत्नही मुलांना सांगा. इक्वेडोरने २००७ मध्ये जगापुढे प्रस्ताव ठेवला: यासुनी राष्ट्रीय उद्यानाखालचं तेल आम्ही काढत नाही, त्याच्या किमतीच्या निम्मे, ३.६ अब्ज डॉलर, जगाने द्यावेत. २०१३ पर्यंत प्रत्यक्षात १.३ कोटी डॉलर आले. सरकारने प्रस्ताव गुंडाळला आणि खोदाई सुरू झाली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये इक्वेडोरच्या जनतेनेच मतदान करून, सुमारे ५९ टक्के मतांनी, तिथलं तेल जमिनीतच ठेवायचा कौल दिला. जगाने जे केलं नाही ते तिथल्या मतदारांनी केलं.

इंडोनेशियाशी नॉर्वेने २०१० मध्ये १ अब्ज डॉलरचा करार केला. पैसे येईनात, म्हणून २०२१ मध्ये इंडोनेशियाने तो मोडला आणि २०२२ मध्ये नव्या अटींवर पुन्हा केला. मधल्या काळात २०१५च्या आगींत २६ लाख हेक्टर जळालं, त्यात पीट म्हणजे शतकानुशतकं साचलेल्या अर्धवट कुजलेल्या पाल्याची जमीन खूप होती. सिंगापूरपर्यंत धूर गेला. त्या धक्क्यानंतर त्यांनी पीटभूमीसाठी वेगळी यंत्रणा काढली, मूळ जंगलात नवे परवाने देणं कायमचं बंद केलं, आणि २०१६ नंतर तिथलं मूळ जंगल तुटणं बरंच घटलं.

काँगोचं दुखणं वेगळंच. तिथे जंगल तोडणारा मोठा मळेवाला नाही. पोटापुरती फिरती शेती करणारं कुटुंब आणि किन्शासासारख्या शहरांना लागणारा लोणारी कोळसा, ही तिथली कारणं. अशा ठिकाणी उपग्रह आणि दंड पुरत नाहीत, चुलीला पर्याय द्यावा लागतो. आणि तिथे काय पणाला लागलंय? २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी काँगोच्या मधल्या दलदलीतली पीट मोजली: सुमारे १,४५,००० चौरस किलोमीटर, आत ३० अब्ज टन कार्बन.

आता जंगल मोजतात कसं ते सांगते, कारण या सगळ्या व्यवहाराचा पाया तोच आहे आणि तो आपल्या डोंगरात बघता येतो. अक्राणीच्या एका ग्रामसभेच्या जंगलात आम्ही दोरीने चौकोन आखतो, बाजू साधारण साडेएकतीस मीटर, म्हणजे ०.१ हेक्टर. उतार असेल तर दोरी आडवी ताणून धरायची, जमिनीला लावली तर क्षेत्र चुकतं. मग चौकोनातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला, १.३७ मीटरवर, टेपने घ्यायचा. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहून. सागाच्या जुन्या बुंध्याला तीन-चार फुटवे असतात, ते छातीच्या खालीच फुटले असतील तर प्रत्येक फुटवा वेगळा मोजायचा. सालईची साल कागदासारखी सुटते, टेप लावण्याआधी ती हाताने झटकावी लागते. गावातलं जाणतं माणूस झाडाचं पावरी बोलीतलं नाव सांगतं, एक मुलगी वहीत लिहिते, दुसरी बुंध्यावर गेरूची खूण करते. खूण नसेल तर एकच झाड दोनदा मोजलं जातं. घेरावरून आकारमान, त्यावरून कोरडं वजन, वजनाच्या साधारण ४७ टक्के कार्बन, आणि त्याला ३.६७ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. काही वर्षांनी त्याच चौकोनात परत यायचं.

एवढ्या साध्या कामात भांडणाची जागा कुठे असते? मोजणीत नसते. 'आम्ही नसतो तर किती तुटलं असतं' या अंदाजात असते. निकालावर पैसे देणाऱ्या प्रत्येक योजनेला हा अंदाज लागतो. तो फुगवला की न वाचवलेलं जंगल वाचवलं म्हणून विकता येतं, आणि खाजगी कार्बन बाजारात नेमकं हेच अनेक प्रकल्पांत उघड झालं. दुसरी अडचण, इथली तोड थांबवली आणि ती पलीकडच्या डोंगरात सरकली. सोयाबीनचा करार ॲमेझॉनपुरता होता, तर नांगर शेजारच्या सेराडो या गवताळ-झुडपी प्रदेशात गेला. म्हणून आता छोट्या प्रकल्पाऐवजी आख्खं राज्य किंवा देश धरून हिशेब करण्याकडे कल आहे, आणि ते बरोबरच आहे.

या पद्धतीत एक अन्याय दडलेला आहे आणि भारताने तो लवकर ओळखला. जो आधी खूप तोडत होता त्याला कमी तोडण्याचे पैसे; ज्याने कधी तोडलंच नाही त्याला काही नाही. गयाना आणि गॅबन याबद्दल सतत बोलत आले. २००५ मध्ये पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत 'तोड कमी करण्याबद्दल मोबदला' ही कल्पना मांडली तेव्हा ती फक्त तोडीपुरती होती. राखलेलं आणि वाढवलेलं जंगलही धरा, असा आग्रह ज्यांनी धरला त्यांत भारत पुढे होता, आणि २००७च्या बाली परिषदेपासून ते 'रेड प्लस' म्हणून आत आलं. २०१३ मध्ये वॉर्सात नियम ठरले, २०१५च्या पॅरिस कराराच्या पाचव्या कलमात त्याला जागा मिळाली.

हीच उणीव भरून काढायचा सर्वांत नवा प्रयत्न म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरातल्या परिषदेत सुरू झालेला ट्रॉपिकल फॉरेस्ट फॉरएव्हर फॅसिलिटी हा निधी. मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवावं तशी याची रचना आहे: सरकारांचे २५ अब्ज आणि खाजगी गुंतवणूकदारांचे १०० अब्ज डॉलर उभे करायचे, ते रोख्यांत गुंतवायचे, गुंतवणूकदारांचं व्याज देऊन जे उरेल त्यातून उभ्या जंगलाला दरवर्षी हेक्टरी साधारण ४ डॉलर. जेवढं तुटेल त्याच्या कित्येक पट रक्कम कापली जाईल. आणि किमान २० टक्के थेट आदिवासी आणि स्थानिक समूहांना. कल्पना मला आवडते, कारण ती देणगीवर उभी नाही आणि राखणाऱ्याला राखण्याचे पैसे देते. पण परिषदेपर्यंत कबूल झालेली रक्कम ७ अब्जांच्या आत होती, आणि रोख्यांचा बाजार पडला की व्याज आटणार. त्या वर्षी गावाला काय द्यायचं याचं पक्कं उत्तर हवं. शिवाय हा निधी उष्णकटिबंधातल्या ओलसर रुंदपर्णी जंगलांसाठी आहे. सह्याद्रीचा काही भाग त्यात बसू शकेल. सातपुड्याचं आपलं साग, सालई, अंजन, धावड्याचं पानझडी जंगल बसणार नाही. कोणी गावात येऊन या निधीच्या नावाने आशा लावत असेल तर त्याला हे विचारा.

म्हणून सातपुड्याला यातून काय मिळेल या प्रश्नाला माझं उत्तर पैशाच्या अंगाने नाही, हक्काच्या अंगाने आहे. ब्राझीलमध्ये १९९० ते २०२० या तीस वर्षांत आदिवासी क्षेत्रांतली मूळ वनस्पती जेमतेम १ टक्का गेली, खाजगी जमिनींवरची २० टक्क्यांहून जास्त. जगभराच्या अनुभवातून आलेला याच्याइतका ठोस धडा दुसरा नाही. तरी २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समूहांसाठी १.७ अब्ज डॉलर जाहीर झाले तेव्हा पहिल्या वर्षी त्यातले फक्त ७ टक्के त्यांच्या संघटनांना थेट पोहोचले. देणाऱ्यांनी ठरलेली रक्कम मुदतीआधी पूर्ण केली, पण बरीचशी मधल्या संस्थांच्या हातातून गेली. याचा मला मनापासून राग येतो. मार्चमध्ये वणवा विझवायला जाणाऱ्या पोराच्या पायात चप्पल नसते आणि त्याच्या नावाने राजधानीत कार्यशाळा होतात.

आपल्याकडे २००६चा वनहक्क कायदा आहे. सामूहिक वनहक्काने ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा अधिकार मिळतो, आणि असा कायदा वर्षावनं असलेल्या कित्येक देशांकडे नाही. तो हक्क मिळाल्यावर काय करता येतं, आणि तो नसतानाही गावाने मनावर घेतलं तर काय होतं, हे बघायला साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला मुलांना घेऊन जा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ४०० हेक्टरांहून जास्त डोंगर राखला: तोडीला दंड, पाळीपाळीने राखण, पाणी अडवणं. तिथल्या वनभाज्यांची स्पर्धा आता लांबलांबचे लोक बघायला येतात. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे राखलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं विकण्याच्या व्यवहाराचे, दलाल हल्ली आपल्या तिन्ही जिल्ह्यांत फिरतात. ग्रामसभेने सही करण्याआधी करार मराठीत मागावा, मुदत किती वर्षांची ते बघावं (तीस-चाळीस वर्षांची असते), सरपण, मोहफुलं, चराई यांच्यावर बंदी येणार का ते वाचावं, आणि विक्रीतला गावाचा वाटा टक्क्यांत लिहून घ्यावा. सामूहिक हक्काच्या जंगलाबद्दल एकटा सरपंच किंवा सचिव सही करू शकत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. भारत जगातला सर्वांत मोठा पामतेल आयात करणारा देश आहे, वर्षाला साधारण ७५ ते ९५ लाख टन, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. फरसाण, बिस्किटं, साबण, सगळ्यात ते आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचं पामतेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर, लाकूड आणि गुरांचा माल आत येणार नाही. त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. पण युरोपने नाकारलेला माल आपल्या बंदरात उतरणार असेल तर जंगलाला काय फरक पडला? भारताने ग्लासगोच्या २०३०च्या जंगल जाहीरनाम्यावर सही केली नाही, त्यात व्यापाराच्या अटी येतील ही धास्ती होती. श्रीमंत देश अटींच्या आडून बाजार बंद करतात हा संशय निराधार नाही, ज्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी आधी द्यावं हेही बरोबर. तरीही एवढा मोठा गिऱ्हाईक म्हणून आपण 'तेल कुठल्या जमिनीवरचं' एवढं तरी विचारायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. आणि खान्देशचा भुईमूग, तीळ, करडई जेवढी परत येईल तेवढं बरं.

वर्गासाठी एक काम सुचवते. तोरणमाळच्या बाजूच्या एखाद्या ग्रामसभेची परवानगी घेऊन एकच चौकोन आखा. नोव्हेंबर-डिसेंबर बरा, पाऊस संपलेला असतो आणि सागाची पानं अजून झाडावर असतात, त्यामुळे ओळख चुकत नाही. घेराची नोंद सेंटिमीटरमध्ये ठेवा, चारही कोपऱ्यांवर दगड रचा आणि जीपीएसचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याच भागात वणव्याच्या सूचनांसाठी दोन-तीन मुलांचे मोबाइल डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नोंदवा, उपग्रहाला आग दिसली की संदेश येतो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, मार्च-एप्रिलमधल्या कित्येक आगी तिथून सुरू होतात. पाला झाडून जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली तर फुलंही स्वच्छ मिळतात, हे मुलांनी गावातल्या बायकांशी बोलून बघावं. मोजणीचा तक्ता झाला की इथेच टाका, घेरावरून वजन काढायची जातवार सूत्रं मी देईन.